१२० पिक्सेलांतली गोफण : एका इंडी गेमच्या दुकानातल्या चित्राचं प्रकरण

शिंदखेडा तालुक्यातल्या दोन मित्रांनी बनवलेल्या ‘गोफण’ या गेमचं स्टीमवरचं, म्हणजे संगणकाचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातलं, पान सुरू होऊन बरेच महिने झाले होते. ‘पुढे घेईन’ म्हणून लोक गेम ज्या यादीत टाकून ठेवतात त्या विशलिस्टमध्ये मात्र नातेवाईक आणि कॉलेजच्या ग्रुपवरचे लोक सोडले तर फारसं कुणी नव्हतं. डेमो ज्यांनी खेळला ते खूश होते. ट्रेलरही बरा होता. अडचण त्याच्या अलीकडची होती. चित्र किती वेळा लोकांच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि किती जण पानावर आले, हे स्टीम गेम बनवणाऱ्याला मोजून दाखवतं. इथे चित्र डोळ्यांसमोरून जात होतं, पण लोक पानावर येत नव्हते.

दुकानाच्या यादीत गेमची ओळख म्हणून जे छोटं चित्र दिसतं त्याला स्टीमवर ‘कॅप्सूल’ म्हणतात. ते नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. मी जळगावात राहते. बियाण्यांची पाकिटं, केळीचे खोके, डाळींच्या पिशव्या यांवरची चित्रं हा माझा रोजचा धंदा. गेमचं काम अधूनमधून येतं. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्याकडची मुलं वर्षानुवर्षं खपून गेम पूर्ण करतात आणि हे एक चित्र मात्र शेवटच्या आठवड्यात, एखाद्या स्क्रीनशॉटवर नाव टाकून उरकतात. इतक्या मेहनतीचं असं झालेलं मला पाहवत नाही.

गेममध्ये काय आहे

तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी होते. तिला आपण दादर म्हणतो. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर ती वाढते आणि माघ-फाल्गुनात काढणीला येते. कणसात दाणा भरला की दिवसा पाखरं येतात आणि रात्री रानडुकरं. गेमची नायिका बारा-तेरा वर्षांची मुलगी. वडील आजारी आहेत म्हणून राखणीला ती वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसते. दिवसाचा खेळ सोपा, हसतखेळत चालणारा. अंधार पडला की तोच खेळ छातीत धडधड वाढवतो. डुकरं कोणत्या बाजूने शिरली ते नुसत्या सळसळीवरून ओळखायचं, गोफण फिरवायची आणि नेमक्या क्षणाला सोडायची. गेममध्ये कुणी मरत नाही, जनावर बिचकून पळतं. पण नेम चुकला तर कळप आत येतो आणि उभं पीक तासच्या तास आडवं होतं.

म्हणजे ‘गोफण’ हा शेतीचा गेम नाही. पेरणी नाही, बाजार नाही, ट्रॅक्टर नाही. कान लावून बसायचा आणि वेळ साधायचा गेम आहे. हे आधी सांगणं भाग आहे, कारण जुन्या चित्राची सगळी गडबड इथेच होती.

जुनं चित्र

जुनं चित्र सुंदर होतं, हे मी मनापासून म्हणते. मागे सातपुड्याच्या निळसर रांगा, त्यावर मावळतीचा लालिमा, खाली क्षितिजापर्यंत दादर, मधोमध माळा आणि माळ्यावर पाठमोरी उभी असलेली मुलगी. वर बारीक, लांबट अक्षरांत नाव, त्याखाली आणखी बारीक अक्षरांत उपशीर्षक. दिवाणखान्यात फ्रेम करून लावावं असं चित्र.

गेम बनवणाऱ्या मुलाने ते फोनवर आपल्या आईला दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हाई ते वावर से. पोर कोठे से?” हे तर शेत आहे, मुलगी कुठे आहे?

मावशींना फोनवर जेवढं दिसलं तेवढंही स्टीमच्या यादीत दिसत नव्हतं. स्टीम एकच चित्र घेत नाही, वेगवेगळ्या जागांसाठी वेगवेगळ्या मापांची चित्रं मागतं. मुख्य कॅप्सूल १२३२ बाय ७०६ पिक्सेल, हेडर ९२० बाय ४३०, छोटी कॅप्सूल ४६२ बाय १७४, उभी ७४८ बाय ८९६. विकत घेणाऱ्याच्या लायब्ररीसाठी ६०० बाय ९०० चं उभं मुखपृष्ठ आणि ३८४० बाय १२४० चा लांबलचक पट्टा वेगळा. या सगळ्यांत लोकांच्या नजरेला वारंवार पडते ती छोटी कॅप्सूल, आणि तिच्यापासून स्टीम आपण होऊन आणखी दोन लहान प्रती बनवतं. त्यातली सर्वात लहान १२० बाय ४५ पिक्सेलची. आजच्या मॉनिटरवर ती अंगठ्याच्या पेराएवढी दिसते. जुनं चित्र त्या मापाला आणलं तेव्हा नारिंगी आणि तपकिरी असे दोन आडवे पट्टे उरले. मुलगी गेली, माळा गेला, नाव म्हणजे एक पांढुरकी रेघ झाली.

मुलांनी हे पाहिलं नव्हतं असं नाही. चित्र त्यांनी मोठ्या स्क्रीनवर रंगवलं, मोठ्या स्क्रीनवर पसंत केलं आणि शेवटी आकार कमी करून टाकला. बहुतेक जण याच क्रमाने जातात. मी त्यांना तो क्रम उलटा करायला लावला. आधी १२० बाय ४५, मग वरचं सगळं.

दुकानात लटकलेलं पाकीट

कृषी सेवा केंद्रात बियाण्यांची पाकिटं काउंटरच्या मागे, उंचावर लटकलेली असतात. शेतकरी ती हातात घेत नाही, लांबून बोट दाखवतो. म्हणून पाकिटावर एकच कणीस काढतात, पूर्ण पाकीट भरून. शेत काढत नाहीत. शेत सगळ्यांचं सारखंच दिसतं. कणीस मात्र सांगतं, माझ्यातून काय निघेल. माझं गेमच्या कॅप्सूलबद्दलचं म्हणणं एवढंच आहे की तिने खेळणाऱ्याला सांगावं, तू इथे काय करणार आहेस. निसर्ग, कथा, पात्राचा स्वभाव, हे सगळं त्या एका कृतीत मावलं तर उत्तम, नाही मावलं तर पानावर स्क्रीनशॉट आहेतच.

म्हणून पहिल्या बैठकीत मी रंग, फॉन्ट काही काढलं नाही. मुलाला विचारलं, “खेळताना बोटं जास्तीत जास्त वेळ काय करतात?”

“गोफण फिरवतात, ताई. फिरवत ठेवायची आणि सोडायची.”

“मग चित्रात ती कुठे आहे?”

चित्रात गोफण मुलीच्या कमरेला खोचलेली होती. मोठ्या मापातसुद्धा ती शोधावी लागत होती.

वावरात

गोफण मी लहानपणी पाहिलेली, पण काढण्याइतकी नीट पाहिलेली नव्हती. मुलांनी मॉडेल इंटरनेटवरच्या चित्रांवरून केलं होतं. एका एआय साधनाकडूनही त्यांनी चित्रं काढून पाहिली होती. त्याने दर वेळी मुलीच्या हातात गलोल दिली, नाहीतर चाबूक. शिवाय एआयने बनवलेलं साहित्य वापरलं तर जानेवारी २०२४ पासून स्टीमला तसं कळवावं लागतं आणि ते पानावर दिसतं. हा मार्ग आम्ही तिथेच सोडला आणि मावशींना गाठलं. त्यांनी लहानपणी राखण केलेली.

त्यांनी सुतळीची गोफण दाखवली. मध्ये दगड बसायला विणलेली पट्टी, दोन्ही बाजूंना हातभर दोर. एका दोराच्या टोकाला फास, तो बोटात अडकवलेला. दुसऱ्या दोराचं टोक मोकळं, ते अंगठ्याने दाबून धरलेलं. डावा पाय पुढे, कंबरेतून पिळलेलं अंग, उजवं कोपर कानाच्या वर. डोक्यावरून फिरवून त्यांनी मोकळं टोक सोडलं तेव्हा दोराचा फटाक्यासारखा आवाज झाला आणि समोरच्या बाभळीवरचे साळुंक्यांचे थवे उठले. “दगड सोडाना आगोदर डोया तठेच पाहिजे,” त्या म्हणाल्या, म्हणजे दगड सोडण्याआधी डोळे तिथेच हवेत, आणि पुन्हा एकदा करून दाखवलं.

मी फोनवर सावकाश गतीचं चित्रण केलं आणि घरी येऊन एकेक चौकट पाहिली. दोन गोष्टी हाती लागल्या. एक, सोडण्याच्या आधीच्या क्षणी कोपर आणि डोकं यांच्या मध्ये एक त्रिकोणी मोकळी जागा तयार होते. काळ्या आकृतीतही ती स्पष्ट दिसते. माणूस काहीतरी फेकणार आहे हे त्या त्रिकोणावरून कळतं, चेहरा दिसला नाही तरी. दुसरी गोष्ट, मान. फिरवताना अंग हलतं, दोर हलतो, पण मान आणि नजर ठाम एका दिशेला. मुलांच्या ॲनिमेशनमध्ये मान अंगाबरोबर वळत होती. त्यांनी नंतर गेममध्येही ती सुधारली. नेम आता जड, खरा वाटतो.

कच्ची रेखाटनं

मी १२० बाय ४५ च्या चौकोनांची एक वही करते, म्हणजे संगणकावर एका पानावर असे पुष्कळ चौकोन आखते आणि झूम न करता त्यांत काळा, पांढरा आणि एक करडा एवढ्या तीनच छटांत मांडणी करते. तपशील काढायला जागाच नसते, त्यामुळे हात आपोआप आकाराचा विचार करतो. मुलगी पूर्ण उभी काढली तर ती माचिसच्या काडीएवढी. कमरेपासून वर काढली तर बरी. छातीपासून वर, कोपर चौकटीच्या वरच्या कडेला जवळजवळ टेकलेलं, असं काढलं तेव्हा पहिल्यांदा चौकोनात माणूस दिसला.

पण दोर दिसेना. खऱ्या गोफणीचा दोर करंगळीपेक्षा बारीक. या मापात तो एका पिक्सेलपेक्षाही बारीक होतो आणि नाहीसा होतो. मी दोर जाड केला. खऱ्याहून कितीतरी जाड, आणि फिरण्याची वाट उजळ कमानीने दाखवली. गावातल्या लोकांना दाखवलं तर सगळे एका दमात म्हणाले, गोफण. मुलाने तेच चित्र डेमो खेळलेल्या परदेशी मंडळींना पाठवलं, ज्यांनी आयुष्यात गोफण पाहिली नव्हती. त्यांना चाबूक दिसला. काहींना गुरं पकडायचा फास.

इथे आम्ही बराच काळ अडलो, आणि मला वाटतं आपल्या मातीतले गेम करणाऱ्या प्रत्येकाला ही जागा लागते. वस्तू आपल्याला इतकी ओळखीची असते की तिचा नुसता इशारा पुरतो. समोरच्याला इशाऱ्यातून काहीच मिळत नाही. यावर सोपा उपाय म्हणून लोक वस्तू बदलतात, गोफणीच्या जागी धनुष्य देतात. तसं करणं मला मान्य नव्हतं, मुलांनाही नव्हतं. उपाय वस्तूच्या कामात होता. चाबूक आणि गोफण यांच्यात फरक करतो तो दगड. तोवर दगड पट्टीत झाकलेला होता. मी तो बाहेर काढला. मोकळं टोक नुकतंच सुटलेलं, दोर मागे लहरतो आहे आणि दगड चौकटीच्या उजव्या खालच्या अंगाला, बघणाऱ्याच्या जवळ, मोठा, एका बाजूने उजेड पडलेला. आणि त्याच्याही खाली, दादरीच्या काळोखात, डोळ्यांच्या चमकत्या जोड्या.

आता कोण, काय करतंय, कशावर, हे तिन्ही एका नजरेत लागलं. त्याच परदेशी मंडळींपैकी ज्यांना आधी चाबूक दिसला होता त्यांनी या वेळी दगडाबद्दल प्रश्न विचारले. दगड संपतात का, आपण वेचायचे का. एखाद्या चित्राने पाहणाऱ्याच्या मनात गेमच्या नियमांबद्दल प्रश्न उभे केले की ते अर्धं काम करून गेलं असं मी धरते.

डोळ्यांच्या जोड्यांवर मात्र वाद झाला. मुलाच्या मित्राला, जो संगीत करतो, ते भयपटासारखं वाटलं. त्याची शंका रास्त होती. मी जोड्या कमी केल्या, डोळे लाल होते ते पिवळसर केले आणि एका डुकराचं नाक आणि कान उजेडात आणले. जनावर ओळखू आलं की भीती मावते तेवढीच राहते.

रंग

गेम रात्रीचा, त्यामुळे मुलांच्या मनात निळा रंग पक्का बसलेला. पण स्टीमचं पान स्वतःच गडद निळसर आहे. निळ्या चित्राच्या कडा त्यात विरघळतात आणि कॅप्सूल कुठे संपली तेच कळत नाही. शिवाय रात्रीच्या गेमांची निळी चित्रं त्या यादीत आधीच पुष्कळ.

मी आकाश पळसाच्या रंगाचं केलं. ही मनमानी नव्हती. दादर काढणीला येते तेव्हाच सातपुड्यात पळस फुलतो, आणि सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ आकाश तसं तापलेलं असतं. गेममधला सोपा दिवस संपून कठीण रात्र सुरू होते तो नेमका हाच वेळ. तापलेल्या आकाशावर मुलगी, कोपर, दोर गडद. दगडावर आणि गालाच्या कडेला माळ्याखालच्या शेकोटीचा उजेड. पूर्ण चित्र करड्या छटांत बदलून पाहिलं तरी मुलगी आकाशापासून वेगळी राहते का, एवढी एकच कसोटी मी रंगांना लावते. रंग हे त्यानंतरचं काम. करड्यात जे चित्र उभं राहत नाही त्याला कितीही झगमगीत रंग दिले तरी लहान मापात ते कोसळतं.

शेकोटीचा उजेड खालून येतो तेव्हा चेहऱ्यावर सावल्या कशा पडतात हे मी कल्पनेने काढलं नाही. चाळीसगावचे केकी मूस घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, दिवा हवा तसा ठेवून त्यांतून डोंगर, वाटा, गावं उभी करायचे. टेबल-टॉप छायाचित्रणासाठी त्यांचं नाव आजही घेतात. त्यांचं संग्रहालय पाहिलेल्या कुणालाही कळेल की स्टुडिओ नसला तरी उजेड शिकता येतो. मी मातीची बाहुली, दादरीची दोन कणसं आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन टेबलावर बसले. हनुवटीखाली उजेड, नाकाची सावली वर कपाळाकडे. तो प्रकार जरा भुताटकीचा दिसत होता, म्हणून टॉर्च बाजूला सरकवला आणि उजेड गालावरून कानाकडे नेला.

पोशाख

मुलाची एक सूचना होती. मुलीला मोरपिसांचा टोप द्यावा, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत असतो तसा. लांबून उठून दिसेल, परदेशी माणूस थांबेल. आकार म्हणून तो टोप खरोखर देखणा आहे. पण त्या होळीत जी माणसं टोप घालून, कमरेला वाद्यं बांधून नाचतात ती त्यासाठी व्रत पाळतात. गेममध्ये होळी नाही, व्रत नाही. मग लक्ष वेधायला तो टोप उचलणं मला पटेना. मी तसं स्पष्ट सांगितलं. शिवाय चित्रात टोप पाहून आलेला माणूस गेममध्ये तो शोधणार आणि सापडला नाही की निघून जाणार.

राखणीला बसलेली मुलगी काय घालते? आपल्या बायका वावरात काम करताना साडीवर, ड्रेसवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. उन्हापासून आणि पानांच्या धारेपासून अंग वाचतं. मी तिला वडिलांचा शर्ट दिला. खांद्यावरून उतरलेला, बाही दुमडलेली, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. हात वर जाताच ती ढगळ बाही खाली लोंबते आणि कोपराचा त्रिकोण आणखी ठळक होतो. वडील आजारी आहेत ही कथाही त्या शर्टात न सांगता येऊन बसली. हा शर्ट मला या पूर्ण चित्रातली सगळ्यात बरोबर गोष्ट वाटते.

नाव

जुन्या चित्रात नावाखाली उपशीर्षक होतं. स्टीम कॅप्सूलवर चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालवून घेतं. १ सप्टेंबर २०२२ पासून पुरस्कारांची बोधचिन्हं, समीक्षकांचे तारे, ‘नवीन’, ‘सवलत’ असली लिखाणं तिथे टाकता येत नाहीत. मुलांनी एका स्पर्धेतल्या बक्षिसाचा बिल्ला टाकायचा बेत केला होता, तो इथे रद्द झाला. मला वाटतं तो नियम लहान गेमांच्या भल्याचा आहे. बिल्ल्यांनी भरलेल्या यादीत नवख्याचं चित्र कुणाला दिसलं असतं?

उपशीर्षक फक्त मुख्य कॅप्सूलवर ठेवलं. छोट्या कॅप्सूलवर नाव एकटं, जवळजवळ पूर्ण रुंदी भरून. स्टीमचीही तशीच शिफारस आहे. लिपीचा प्रश्न आम्ही भावनेवर सोडला नाही. स्टीमच्या दुकानाच्या भाषांत मराठी नाही आणि गिऱ्हाईक जगभरचं, म्हणून मुख्य नाव रोमन अक्षरांत. देवनागरी ‘गोफण’ गेमच्या आत, सुरुवातीच्या पडद्यावर मोठ्या थाटात आहे.

रोमन लिहिताना पहिल्या अक्षरानंतर गोल येतो. तो गोल म्हणजे फिरणारी गोफण केली, दोराच्या पिळासकट, आणि त्याच्या कडेवर उजेड पडलेला दगड. बाकीची अक्षरं जाड, कोपरे किंचित झिजलेले, विळ्याने कापल्यासारखे तिरके. गोल किती फिरता दाखवायचा यावर मी पुष्कळ वेळ दिला. जास्त लहरला की अक्षर वाचलं जात नाही, अगदी स्थिर ठेवला तर नुसता गोल. शेवटी दोराची सैल शेपटी बाहेर काढली आणि गोल मात्र बंद ठेवला. अक्षरांमागे आकाशाचा रंग एक छटा गडद केला, म्हणजे बाहेरून काळी रेघ मारायची गरज उरली नाही.

प्रत्येक मापाची मांडणी वेगळी

एकच चित्र कापून सगळ्या मापांत बसवणं हा सर्वांत महाग पडणारा आळस आहे. मुख्य कॅप्सूलमध्ये मुलगी डावीकडे, दगड उजवीकडे खाली, नाव उजवीकडे वर. विकत घेतलेल्या किंवा विशलिस्टमधल्या गेमवर स्टीम डाव्या वरच्या कोपऱ्यावर एक छोटी पट्टी लावतं, त्यामुळे तिथे महत्त्वाचं काही ठेवलं नाही. हेडरमध्ये मुलगी आणखी जवळ. छोट्या कॅप्सूलमध्ये मुलगीच नाही. नाव, गोल, दगड आणि मागे पळसाचा रंग. मुलाला हे पचायला जड गेलं. मी त्याला दुकानाच्या यादीचा स्क्रीनशॉट काढायला लावला आणि त्यात शेजारपाजारच्या गेमांच्या मध्ये दोन्ही नमुने बसवून दाखवले. मुलगी असलेल्या नमुन्यात ना ती धड दिसत होती ना नाव. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “बरोबर आहे, ताई.”

आणि सातपुडा? ती निळसर रांग आम्ही टाकून दिली नाही. लायब्ररीच्या ३८४० बाय १२४० च्या लांब पट्ट्यावर नाव टाकायचंच नसतं. ते वेगळ्या पारदर्शक चित्रातून वर येतं. शिवाय तो पट्टा पाहणाऱ्याने गेम आधीच घेतलेला असतो, त्याला काही पटवायचं नसतं. जुनं चित्र थोडं रुंद करून तिथे लावलं. डोंगर, दादर, माळा, पाठमोरी मुलगी. तिथे ते शोभतं, आणि ज्याने ते इतक्या प्रेमाने रंगवलं त्याच्या मेहनतीचंही चीज झालं.

चाचणी आणि मोजणी

चित्र लावण्याआधी आम्ही ते अनोळखी लोकांना दाखवलं. पद्धत साधी. फोनवर यादी उघडायची, एका सेकंदात झाकायची आणि विचारायचं, यात काय करायचं असेल? चित्र आवडलं का, हे विचारायचं नाही. आपल्या भागातली माणसं तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. जुन्या चित्राला उत्तरं यायची शेती, गाव, ट्रॅक्टर. नव्याला यायची दगड मारायचा, डुकरं हाकायची, कुणाला तरी वाचवायचं. शेवटचं उत्तर एका शाळकरी मुलीचं.

स्टीमवर दोन चित्रं एकाच वेळी अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवून पाहायची सोय नाही. गुगल प्लेवर आहे, पण हा गेम संगणकाचा. त्यामुळे आधी आणि नंतर एवढीच तुलना हातात उरते, आणि ती फसवी असू शकते. म्हणून चित्र बदललं त्या काळात स्क्रीनशॉट, ट्रेलर, टॅग, वर्णन यांना कुणी हात लावायचा नाही असं ठरवलं. अहवाल वाचतानाही लोक कुठून आले ते वेगळं काढलं. डिस्कव्हरी क्यूमधून, म्हणजे स्टीम एकामागून एक गेम सुचवतं त्या रांगेतून, येणाऱ्याच्या समोर थेट पान उघडतं, तो कॅप्सूल पाहून आलेला नसतो. बाहेरच्या दुव्यावरून आलेलाही नसतो. हे आकडे एकत्र मोजले तर चित्राचं श्रेयही कळत नाही आणि दोषही. शोधाची यादी, ‘यासारखे आणखी’ असल्या जागा, म्हणजे जिथे कॅप्सूलच क्लिक करवते, तेवढ्याच आम्ही पाहिल्या.

तिथे फरक पहिल्याच आठवड्यात दिसला आणि टिकून राहिला. त्याहून मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: पानावर आलेल्यांपैकी विशलिस्ट करणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. पान तेच, ट्रेलर तोच. आधी जे थोडेफार येत होते ते शांत शेती शोधत येत होते आणि रात्रीचा ट्रेलर पाहून परतत होते. आता येणारा माणूस ज्यासाठी येत होता तेच त्याला मिळत होतं. नुसते क्लिक वाढवायचे असते तर मोरपिसांच्या टोपानेही वाढले असते.

नंतर नेक्स्ट फेस्ट आला, म्हणजे येणाऱ्या गेमांच्या डेमोंचा स्टीमवरचा आठवडाभराचा मेळा. तो वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये भरतो आणि एका गेमला एकदाच भाग घेता येतो. म्हणून मी मुलांना आधीच अडवून धरलं होतं की जुन्या चित्रावर ही एकुलती एक संधी घालवू नका. त्या आठवड्यात पाहणारी माणसं वेगळी, गर्दी वेगळी, त्यामुळे ते आकडे मी चित्राच्या खात्यावर धरत नाही. डेमो मात्र पुष्कळांनी उतरवून घेतला, आणि मावशींच्या आवाजातली हाक ज्या प्रसंगात येते त्याबद्दल लोकांनी खूप लिहिलं.

सध्या उभ्या कॅप्सूलवर काम चालू आहे. अरुंद मापात वर गेलेला हात आणि खालचा दगड यांच्यामध्ये चित्र पोकळ राहतं. दगड मुलीच्या छातीसमोर आणला तर तो तिलाच लागणारसा दिसतो. तिथे बहुधा दगड सुटण्याआधीचा क्षण घ्यावा लागेल आणि पट्टी उघडी ठेवून आतला दगड दाखवावा लागेल. काढणीनंतरच्या खळ्याची नवी पातळी येईल तेव्हा मुख्य चित्रही काही काळासाठी बदलता येईल. अशा बदलाला स्टीम जास्तीत जास्त महिनाभराची मुदत देतं, आणि त्यावर नव्या पातळीबद्दलचा मजकूर टाकला तर गेमच्या सगळ्या भाषांत तो भाषांतरित करून द्यावा लागतो. त्यासाठी खळ्यावरच्या उजेडाची रेखाटनं मी सुरू केली आहेत.